तेहतीस माणसं आणि एक मुलगा

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटाचे डोंगर आहेत, तेरणा आहे, आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहणं आहे. तरी समुद्राचा आणि आमचा काहीच संबंध नाही, असं म्हणता येत नाही. आपल्या तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला नेत. पाहुण्यांची मुलं आली की आम्ही त्यांना तेरचं लामतुरे संग्रहालय दाखवायला नेतो आणि हे आवर्जून सांगतो.

यंदा घरात समुद्र आला तो थोरल्या लेकीमुळे. ती कायदा शिकते. वर्गात १८८४ सालचा इंग्लंडचा एक प्रसिद्ध खटला शिकवला गेला. 'मिनोनेट' नावाची नौका बुडाली, चौघं होडीत उरले, आणि भुकेपोटी दोघांनी सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्कर या पोराला मारलं. पोरगा अनाथ होता. कोर्टाने दोघांना फाशी सुनावली, पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. हे वाचता वाचता तिला कळलं की असाच प्रसंग त्याच्या साडेनऊशे वर्षं आधी आपल्या कोकण किनाऱ्यासमोर घडला होता, आणि तो एका अरबी किताबात लिहिलेला आहे. मग दिवाळीच्या सुट्टीत त्या किताबाच्या इंग्रजी भाषांतराच्या झेरॉक्स घेऊनच ती घरी आली.

किताबाचं नाव 'अजाइबुल हिंद'. दहाव्या शतकात बुजुर्ग बिन शहरयार या इराणी नाखुद्याने खलाशांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी त्यात गोळा केल्या, असं मानतात. जुनी हस्तलिखित प्रत इस्तंबूलमध्ये आहे. त्यावरून १८८३ ते १८८६ या काळात नेदरलँडमधल्या लायडनला अरबी मजकूर फ्रेंच भाषांतरासह छापला गेला, तेव्हा कुठे तो जगासमोर आला. काही गोष्टी निव्वळ गप्पा वाटतात. मोठमोठे पक्षी आहेत, बेटाएवढे मासे आहेत. पण जहाज बुडण्याच्या गोष्टी मात्र हिशेबाच्या वहीसारख्या आहेत, साल आणि माणसांच्या आकड्यांसह.

रात्री इशाची नमाज झाली की लेक इंग्रजी वाचायची आणि आपल्या दखनीत सांगायची. हिजरी ३०६, म्हणजे इसवी ९१८-१९ सालची ही गोष्ट. इराणच्या सिराफ बंदरातून तीन मोठी जहाजं सैमूरला निघाली. सैमूर म्हणजे आपलं चौल, अलिबागच्या खालचं. तिन्हींवर मिळून बाराशे माणसं. अकरा दिवसांत ठाणे-चौलचे डोंगर दिसू लागले. इतका झटपट प्रवास कुणी केला नव्हता, सगळे एकमेकांना मुबारकबाद देऊ लागले, आणि तेवढ्यात वादळ उठलं. माल फेकायचा की नाही यावर व्यापाऱ्यांचं ठरेना. ठरलं तेव्हा पावसाने गाठोडी भिजून इतकी जड झाली होती की पाचशे मणांची दीड हजार मण झाली होती. शेवटी एका होडीत तेहतीस जण उतरले.

पाच दिवस अन्न नाही, पाणी नाही. बोलायची ताकद उरली नाही, तेव्हा त्यांनी खुणांनीच ठरवलं की एकाला खायचं. होडीत एक धष्टपुष्ट मुलगा होता. त्याचा बाप नुकताच बुडाला होता. मुलाला खुणा कळल्या. त्याने आभाळाकडे पाहिलं आणि ओठ हलवले. तास उलटायच्या आत जमीन दिसली.

हा भाग वाचायचा की गाळायचा, यावर आमच्या दोघांत आदल्या रात्री वाद झाला होता. कारण ऐकणाऱ्यांत आमचा पुतण्या असणार होता. बारा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे अब्बा गेले, तेव्हापासून तो आमच्याकडे असतो. लेक म्हणाली, "मी गाळलं तर तो स्वतः वाचेल." ते खरंच होतं, म्हणून तिने वाचलं.

तो गप्प ऐकत होता. मग त्याने विचारलं, "किनाऱ्याला लागल्यावर तो मुलगा त्यांच्याच बरोबर चालत गेला का?"

आम्हाला उत्तर सुचेना. अम्मी तसबीह थांबवून म्हणाल्या, "कुठं जाईल बेटा? मुलूख अनोळखी. गेला असेल, पण चार पावलं मागे राहून." अम्मींनी अब्बांसोबत मुंबईहून जहाजाने हज केला आहे. १९९५ पासून ती जहाजं बंद झाली. चारी बाजूंनी पाणीच पाणी म्हणजे काय, हे आमच्या घरात फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

लेकीने आणखी एक सांगितलं. इमाम गझालींनी 'अल-मुस्तस्फा'मध्ये हाच प्रश्न घेतला आहे. उपासमारीत सापडलेल्या माणसांनी चिठ्ठ्या टाकून एकाला खाल्लं तर बाकीचे वाचतील, तरी त्याची परवानगी नाही. त्यांचा इंतकाल ११११ सालचा. म्हणजे इंग्लंडच्या कोर्टाच्या कितीतरी आधीचं हे उत्तर.

त्या दिवसांत आमच्या घरात आणखी एक गोष्ट चालू होती. पुतण्याच्या वाटणीचं अडीच एकर रान आमच्या रानाला लागून आहे. दोनदा दुष्काळाने मार खाल्लेल्या घरात लेकीची फी, अम्मींची औषधं, सगळंच अंगावर आलेलं. नात्यातली दोन समजूतदार माणसं सांगत होती, पोरगं तुमच्याच ताटात जेवतं, दोन्हीकडचं उत्पन्न एकत्र करा, हिशेब कशाला वेगळा? सगळ्यांचं भागेल. बोलणं वाकडं नव्हतं. निम्मी भावकी असंच करते. आम्ही "बघू" म्हणून थांबलो होतो.

त्या रात्री पोरं झोपल्यावर आम्ही दोघं बराच वेळ ओसरीवर बसलो. किताबाचं नाव कुणीच काढलं नाही. फीचं काय करायचं तेवढं बोललो. एक म्हैस विकायची ठरली.

सोयाबीन बाजारात गेलं तेव्हा त्याच्या रानाच्या मालाची पट्टी आडत्याकडून वेगळी करून घेतली आणि रक्कम त्याच्या खात्यावर भरली. पासबुक त्याच्या हातात दिलं. त्याने आकडा दोनदा वाचला, आणि म्हणाला, "यातून आपाच्या फीला देऊ का?"

अम्मी म्हणाल्या, "अठरा वर्षांचा झालास की विचार."