निकालाआधी लिहून ठेवतो : सोयाबीनचा भाव कुणी पाडला?



आज गुरुवार, 21 नोव्हेंबर 2024. काल मतदान झालं, परवा शनिवारी निकाल. हे मी मुद्दाम निकालाच्या आधी लिहून ठेवतोय. नंतर लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, जिंकला म्हणून लिहिलं नाहीतर हरला म्हणून लिहिलं.

महिनाभर आमच्या पारावर एकच विषय होता. सोयाबीनचा भाव कुणी पाडला? एक बाजू म्हणायची सरकारनं पाडला. दुसरी म्हणायची जगातच भाव पडलेत, सरकार काय करील. ह्या भांडणात माझं आणि माझ्या चुलत भावाचं, आबाचं, बोलणं बंद झालं. त्याचं नुकसान मला किती झालं ते पुढं सांगतो.

आधी माझा हिशोब. पाच एकर सोयाबीन. 1 आणि 2 सप्टेंबरच्या पावसानं खालचा तुकडा चार दिवस पाण्यात होता, उतारा एकरी सहा क्विंटलच आला. एकरी खर्च असा : बियाणं 3,000, खत 2,400, नांगरट-पाळी-पेरणी 4,500, तणनाशक आणि फवारण्या 3,600, सोंगणी 4,000, मळणी 1,800, हमाली-भाडं 700. झाले 20,000. दिवाळीच्या तोंडावर 22 क्विंटल विकलं, पट्टी 4,050 ची. म्हणजे एकरी 24,300 आले, हातात 4,300 राहिले. त्यात आम्हा दोघा नवरा-बायकोची चार महिन्याची मजुरी धरलेली नाही.

हमीभाव 4,892. क्विंटलमागं 842 रुपये कमी. 22 क्विंटलचे 18,524 रुपये. हा माझा तोटा, पावतीसह.

आता पारावरच्या भांडणाकडं येतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी वहीत लिहून काढलं आणि जेवढं मला पक्कं माहीत आहे तेवढंच ठेवलं.

शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल साधारण अठरा किलो निघतं, बाकी जवळपास सगळी पेंड. व्यापारी तिला डीओसी म्हणतात. म्हणजे आपला भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतो. ब्राझील, अमेरिकेत पीक भरपूर, त्यामुळं जगात पेंड स्वस्त. आपल्याकडं मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना जो चोथा उरतो, डीडीजीएस, तो कोंबडी खाद्यात स्वस्तात जातोय, तिथंही पेंडीची मागणी तुटली. एवढं खरं आहे. जगाचं कारण सांगणारे अगदीच खोटं बोलत नाहीत.

पण अर्धंच सांगतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. त्या वर्षी खाद्यतेलाचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं खाली आणलं. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले. ही सगळी ह्याच सरकारची कामं. हे कुणी ब्राझीलवर ढकलू नये.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नका. 2012 च्या मार्चमध्ये ऐन हंगामात कापसाची निर्यात बंद केली होती, तेव्हा केंद्रात काँग्रेसची आघाडी होती. आरडाओरडा झाल्यावर आठवड्यात मागं घेतली, पण आमच्या जालन्यात तेवढ्यात कापूस पडेल भावानं गेला तो गेलाच. नाशिककरांना 2023 च्या डिसेंबरमधली कांद्याची निर्यातबंदी आठवत असेल, ती ह्या सरकारची. झेंडा कोणताही असो, महागाई झाली की पहिला हात आपल्याच मालावर पडतो. खाणारे जास्त, पिकवणारे कमी. मतांचा हिशोब आपल्याला कळत नाही असं नाही.

मे महिन्यात आपल्या जिल्ह्यानं पाच वेळचे खासदार, केंद्रात मंत्री राहिलेले रावसाहेब दानवे पाडले आणि कल्याण काळे निवडून दिले. त्यात आरक्षणाचा राग होता, कापूस-सोयाबीनचाही होता. राग काढला, बरं वाटलं. पण ऑक्टोबरात बाजारात माल नेला तर भाव तोच. माणूस बदलता येतो, आपण बदललाही. पण पेंडीचं, तेलाचं, खरेदी केंद्राचं काय करणार, हे ना मत मागणाऱ्यानं सांगितलं ना आपण विचारलं.

एक घरचीच गोष्ट सांगतो. 13 सप्टेंबरला केंद्रानं खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर शून्याचं 20 टक्के, रिफाइंडवर साडेबाराचं साडेबत्तीस टक्के. ही तर आपलीच मागणी होती. पुढच्याच बाजाराला मंडळीनं विचारलं, “तेल काहून एवढं महागलं हो?” मी पटकन बोलून गेलो, “सरकारच असलं आहे.” रात्री लक्षात आलं. पिकवणारा म्हणून मी जे मागत होतो, त्याच कारणासाठी खाणारा म्हणून शिव्या देत होतो.

आणि आता माझी चूक. ही मी पारावर कधी सांगितली नाही. 2021 चं 35 क्विंटल सोयाबीन माझ्या घरात होतं. 2022 च्या मार्चमध्ये व्यापारी दारात येऊन 7,100 नं मागत होता. मी म्हणलं, दहा हजार झाल्याशिवाय काढणार नाही. डिसेंबर 2023 ला 4,650 नं काढलं. क्विंटलमागं 2,450, म्हणजे 85,750 रुपये, वजनातली घट वेगळी. ह्यात मंत्र्याचा दोष किती आणि माझ्या हावेचा किती? दीड-पावणेदोन वर्षं मी सगळा दोष दिल्लीला लावत होतो.

आता आबा. 2019 च्या कर्जमाफीत त्याचं जुनं कर्ज माफ झालं. पुढं 1,20,000 चं नवं पीककर्ज काढलं. 2022 ला घरात दवाखाना निघाला, हप्ता राहिला. तेवढ्यात सगळे सांगायला लागले, भरू नको, निवडणूक आली की माफ होईल. वेळेवर भरलं तर तीन लाखापर्यंत व्याज शून्य पडतं, ते गेलं. खातं थकीत झालं. नवं कर्ज मिळेना म्हणून खत-बियाणं दुकानातून उधारीवर. आणि उधारी ज्याची, माल त्यालाच. ज्या दिवशी मला 4,050 मिळाले त्या दिवशी आबाला 3,850 मिळाले. बाजारसुद्धा आमचा एकच होता.

आणि तरी आम्ही भांडलो. तो म्हणाला, “तुमच्या लोकांनी आमचं वाटोळं केलं.” मी म्हणलं, “तुमच्या लोकांनी काय केलं होतं इतकी वर्षं?” दोघांनाही त्या लोकांपैकी कुणी ओळखत नाही. दुसऱ्या दिवसापासून वारंगुळा मोडला. हरभऱ्याला दरवर्षी त्याचं पेरणी यंत्र माझ्या रानात येतं आणि माझी दोन माणसं त्याच्या रानात जातात. औंदा आलं नाही, मीही बोलवलं नाही. भाड्याचं यंत्र मिळेपर्यंत आठ दिवस गेले, वरची ओल उडाली. तीन एकर हरभरा विरळ उगवलाय. त्याचं नुकसान कोणत्या पक्षाच्या नावावर लिहू?

काल मतदानाला दोघं एकाच रांगेत, मध्ये चार माणसं. बाहेर आल्यावर मीच विचारलं, “आबा, पट्टी आहे का रं घरी?” तो म्हणाला, “हाय की. काहून?” संध्याकाळी त्याच्या ओट्यावर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आपण दोघंबी हमीभावाच्या खालीच हाव. मंग भांडलो कशावरून?” दोघांच्याही बोटाला शाई होती. चहा झाला. उन्हाळी मुगाचं बघू म्हणाला.

मी दोष देऊ नका म्हणत नाही. दोष द्यायलाच पाहिजे, नाहीतर कुणी काही करणार नाही. फक्त तारखेसह द्या. उदाहरण सांगतो. खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता. परतीच्या पावसात भिजलेला माल 12 वर आणायचा कसा? 15 नोव्हेंबरला केंद्रानं 15 टक्क्यांपर्यंत चालेल असं ठरवलं. मतदानाच्या पाच दिवस आधी. तोवर माझे 22 क्विंटल आणि आबाचं सगळं विकून झालं होतं. हाच निर्णय 1 ऑक्टोबरला झाला असता तर आम्हा दोघांच्या हातात पैसे राहिले असते. हा दोष पक्का आहे, कुणी खोडू शकत नाही.

सभेत एका बाजूनं सहा हजार सांगितले, दुसऱ्या बाजूनं सात हजार. कर्जमाफी दोघांनीही. शनिवारी कुणीही येवो, आपण तीन गोष्टी धरून बसू. खरेदी केंद्र माल निघायच्या आधी सुरू होईल का? 15 टक्के ओलावा पहिल्या दिवसापासून चालेल का? पैसे किती दिवसांत खात्यावर येतील?

आणि आपल्या हातातलं : पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याजानं, सहा महिने. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का ते जाऊन विचारा. ज्याला दिवाळीला पैसा पाहिजे म्हणून माल काढावा लागतो, त्याच्यासाठी ती आहे. माझे उरलेले आठ क्विंटल मी तिथं ठेवणार आहे. मात्र ह्या वेळी विकायचा भाव आधीच वहीत लिहिलाय. तो आला की काढायचं, हाव करायची नाही.

पट्टी फेकू नका. तिच्या मागं तारीख, ओलावा, भाव आणि त्या दिवशीचा हमीभाव लिहून ठेवा. पुढच्या वेळी मत मागायला कुणी आलं की तोंडानं भांडायचं नाही, पट्टी पुढं करायची.

आजचं शेत : तूर बीडीएन 711, शेंगा भरतायत. शेंगा पोखरणारी अळी झाडाला एखादी दिसते, पक्षीथांबे लावलेत, फवारणी अजून नाही. विरळ हरभऱ्यात नांग्या भरायची वेळ गेली, असं मला वाटतं. कृषी शास्त्रज्ञ मंडळींना वेगळं वाटत असेल तर सांगा. उद्या आबाही बघायला येणार आहे.