डोंगरावरचा मध्यस्थ

४ जुलै २०२५ रोजी बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशी जमलेल्या विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील शुभांशू शुक्ला यांच्याशी हॅम रेडिओवरून संवाद साधला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत अंतराळवीर होता, विद्यार्थ्यांचे प्रश्न होते, टाळ्या होत्या. ‘टेलिब्रिज’ हा शब्द मात्र बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात राहिला आणि कोणी त्याचा अर्थ विचारला नाही. ज्या गावावरून स्थानक सोयीच्या वेळी जात नाही, त्या गावाने दुसऱ्या देशातल्या भूकेंद्राची मदत घ्यायची. तिथली अँटेना स्थानकाचा माग काढते आणि आवाज तारांवरून शाळेपर्यंत येतो. हीच टेलिब्रिजची कल्पना. दोन माणसांच्या मध्ये तिसरे काहीतरी उभे असते. ते ऐकते आणि जसेच्या तसे पुढे सांगते. हौशी रेडिओच्या रोजच्या व्यवहारात या तिसऱ्याचे नाव रिपीटर. अवकाश स्थानकापेक्षा तो पुष्कळ जवळ, एखाद्या टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहतो आणि त्याच्याविषयी लिहिण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

मल्लेश्वरममधल्या एका गच्चीवरून सुरुवात करावी. सांगलीहून पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेली एक विद्यार्थिनी परवाना हातात पडल्याच्या पहिल्या संध्याकाळी तिथे उभी होती. हातात ५ वॅटचा संच, त्यावर वीतभर रबरी अँटेना. तिचा वर्गमित्र इलेक्ट्रॉनिक सिटीत, सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटरवर. हाक गेली, उत्तर आले नाही. ५ वॅट म्हणजे फार थोडे, असा निष्कर्ष तिने काढला. नवशिका हमखास काढतो तो हाच, आणि तो बहुधा चुकतो. अवकाश स्थानकाची उंची सुमारे ४०० किलोमीटर. मध्ये आडवे काही नसेल तर तिथवर जायला हेच ५ वॅट पुरतात. इलेक्ट्रॉनिक सिटीला पुरत नाहीत, कारण मध्ये पृथ्वीची वक्रता आहे आणि तिच्यावर बंगळुरू उभे आहे.

हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ४.१२ ने गुणावे. रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीपासून दीड मीटरवर संच धरलेल्या माणसाचे क्षितिज जेमतेम ५ किलोमीटर. समोरच्याचेही तेवढेच. म्हणजे सपाट माळरानावर दोघांना १० किलोमीटर मिळतील. शहरात काँक्रीट त्यातले निम्म्याहून अधिक खाऊन टाकते. आता तीच अँटेना नंदी टेकडीवर नेऊन पाहावी. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर, बंगळुरूची सुमारे ९२०. साडेपाचशे मीटरच्या फरकाला क्षितिज मिळते ९७ किलोमीटर. बंगळुरू, कोलार, तुमकुरू, होसूर ही सगळी गावे त्या एका वर्तुळात येतात. शक्ती वाढवली नाही, फक्त उंची वाढवली. केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा बुरूज लालबागेतल्या खडकावर उभा आहे आणि सह्याद्रीतले गडही शिखरांवर आहेत, त्यामागची भूमिती हीच. पन्हाळ्याहून निसटलेले महाराज विशाळगडी पोहोचल्याची खूण खिंडीत तोफांच्या आवाजाने पोहोचली, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. तिथेही उंची आणि आवाज यांचेच गणित होते.

मात्र रिपीटरला नुसते ऐकून चालत नाही. ऐकत असतानाच बोलावे लागते. इथे भौतिकशास्त्र खरोखर अवघड होते. दोन मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि ६०० किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या वारंवारतेवर त्याच क्षणी बोलतो, बहुधा एकाच अँटेनातून. त्याचा प्रक्षेपक समजा २५ वॅटचा. ग्राहकाला ऐकायचा असतो दूरवरून आलेला ०.२ मायक्रोव्होल्टचा संदेश. या दोन शक्तींचे गुणोत्तर काढले तर ३ वर १६ शून्ये येतात. स्वतः ओरडत असताना शेजारच्या गावातली कुजबूज ऐकावी, अशी ही अपेक्षा आहे. ती पुरी करतात धातूची उभी पिंपे, म्हणजे अनुनादी पोकळ्या. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २ मीटर आणि पिंपात तिचा एक चतुर्थांश मावावा लागतो, म्हणून प्रत्येक पिंप अर्ध्या मीटरहून थोडे उंच. एक गट प्रक्षेपणाची वारंवारता जाऊ देतो आणि ऐकण्याची अडवतो. दुसरा नेमके उलटे करतो. तापमान बदलले की धातू प्रसरण पावतो आणि जुळणी सरकू पाहते. टेकडीवर चढून ती पुन्हा जमवणारा माणूस पगारी नसतो. क्लबातला कोणीतरी रविवारी बॅटरी, मल्टिमीटर आणि डबा घेऊन निघतो. हौशी रेडिओच्या कौतुकात उपग्रहांना जी जागा मिळते, तिचा दशांशही या डब्याला मिळत नाही.

एका रिपीटरने भागले नाही, की जोडण्याचा विचार येतो. नंदीवरून म्हैसूर सुमारे १६५ किलोमीटर, वर्तुळाबाहेर. कागदावर साखळी आखून पाहावी: नंदी, मग मागडीजवळची सावनदुर्गाची एकसंध शिळा, मग चामुंडी टेकडी. पहिली उडी ६५ किलोमीटरची, दुसरी शंभरच्या आतबाहेर. प्रत्येक शिखरावर स्थानिक रिपीटर आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या पट्ट्यातला एक जोडसंच, दिशादर्शी अँटेनासह, पुढच्या शिखराकडे तोंड करून. इथवर सगळे देखणे आहे. अडचण अशी की प्रत्येक टप्प्यावरचा ग्राहक आधी तपासतो, की आलेली लहर आपली आहे की नुसती खरखर. त्यासाठी बोलण्याच्या तळाशी एक अगदी खालचा सूर पाठवलेला असतो, ६७ हर्ट्झपासून सुमारे अडीचशे हर्ट्झपर्यंतचा, कानाला न जाणवणारा. तो ओळखायला सेकंदाचा काही भाग लागतो. तीन टप्पे झाले की हे तुकडे साठतात आणि बोलणाऱ्याचा पहिला शब्द वाटेतच गळतो.

‘हॅलो’ गळले तर काही बिघडत नाही. मराठीत मात्र नकार पुष्कळदा आधी येतो. ती विद्यार्थिनी पुढे परवानाधारक मित्रांबरोबर सावनदुर्गाच्या पायथ्याशी उभी होती, तेव्हा शहरातून हवामानाच्या रडारचे चित्र पाहणाऱ्या मित्राने साखळीवरून दोनच शब्द सांगितले: ‘नका निघू.’ त्याने बटण दाबले आणि त्याच क्षणी बोलायला सुरुवात केली. पायथ्याशी ऐकू आले, ‘निघू.’ तिला तो प्रश्न वाटला. ‘हो, निघतो,’ असे तिने सांगितले. पण आधीच्या प्रक्षेपणाचे शेपूट अजून संपले नव्हते, साखळी तिच्याकडे वळली नव्हती, त्यामुळे तिचे उत्तर शहरात पोहोचलेच नाही. तिकडे शांतता, इकडे शांतता, दोघेही निश्चिंत. अर्ध्या वाटेवर पाऊस आला. ओल्या ग्रॅनाइटवर बूट धरत नाहीत आणि उघड्या शिळेवर विजेपासून आडोसा नसतो. त्या मंडळींनी चाळीस मिनिटे एका खाचेत उकिडवे बसून काढली आणि मग बसत-सरकत खाली आली. कोणाला काही झाले नाही. उपकरणांतही काहीच बिघाड नव्हता. सगळी यंत्रणा जशी चालायला हवी तशीच चालली होती.

रोजच्या वापराचे शहाणपण अशाच ठिकाणाहून येते. बटण दाबावे, एक सेकंद थांबावे, मग बोलावे. महत्त्वाचा शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवू नये. ऐकणाऱ्याने संदेश पूर्ण म्हणून दाखवावा. ‘समजले’ एवढे पुरत नाही. आणि दोन बोलण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची जागा सोडावी, म्हणजे ज्याला खरी घाई आहे त्याला शिरता येईल. संचाविषयीही थोडे. आवाज तुटत असेल तर आधी अर्धा मीटर बाजूला सरकावे: दोन मीटरच्या तरंगांचे परावर्तित किरण भिंतींमध्ये एकमेकांना पुसून टाकतात आणि पुसलेली व उजळ ठिकाणे हाताच्या अंतरावर असू शकतात. संच उभा धरावा. आडवा धरला तर उभ्या ध्रुवीकरणाच्या रिपीटरकडे जाणारी शक्ती शंभरातला एक भाग इतकी उतरू शकते. कंबरेला लावून बोलू नये, कारण माणसाचे शरीर म्हणजे बहुतांशी खारट पाणी. मल्लेश्वरमच्या गच्चीवर पहिल्या दिवशी हे कोणी सांगितले असते, तर निदान निम्मी निराशा टळली असती.

जोडणीची दुसरी किंमत माणसांच्या वाट्याला येते. एफएम रिपीटरवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तीन शहरांचे तीन रिपीटर वेगवेगळे असताना प्रत्येकावर तासात वीस मिनिटे गप्पा होत असतील, तर प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटे मोकळी असतात. तिन्ही जोडले, की एकाचे बोलणे तिघांकडे वाजते आणि तास भरून जातो. मग बंगळुरूत कोणी कोणाला ‘जेवलास का’ विचारले, तरी तेवढा वेळ म्हैसूरच्या माणसाने गप्प बसायचे. पोहोच वाढते तशी जागा आटते. म्हणून चांगली साखळी कायम जोडलेली नसते. संचावरच्या आकड्यांच्या कळांनी ती हवी तेव्हा जोडायची आणि काम झाले की तोडायची. तोडण्याची आठवण ठेवणारे थोडे असतात, ही गोष्ट वेगळी.

आज जोडणीचा सोपा मार्ग इंटरनेटचा. एकोलिंक, ऑलस्टारलिंक, डीएमआरची जागतिक जाळी यांमुळे जगाच्या दुसऱ्या टोकाचा रिपीटर एका क्लिकवर येतो. शिखरे मोजण्याची गरजच राहत नाही. सोय मोठी आहे, तरी तिच्या पोटात एक विसंगती आहे. हौशी रेडिओचे मुख्य समर्थन असे की इतर सगळे बंद पडले तरी तो चालतो. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पाण्याखाली गेली तेव्हा मोबाइल सेवा अनेक भागांत कोलमडली. इंटरनेटवर टांगलेली साखळी अशा दिवशी सर्वांत आधी तुटते, तर डोंगरावरून डोंगरावर लहरींनीच जोडलेली, सौर पॅनेलवर चालणारी साखळी टिकण्याची शक्यता अधिक. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्ये होते. त्यांच्याकडे ना रिपीटरची साखळी होती ना जाळे. लघुलहरी आयनांबरावरून परतल्या आणि मुख्य भूमीवर ऐकू आल्या. संचात जोडणीची कळ असावी, पण ती नसताना काय करायचे हेही माहीत असावे.

परवान्याचा विषय टाळता येत नाही. हौशी रेडिओच्या परीक्षेला वयाच्या बाराव्या वर्षापासून बसता येते. मर्यादित श्रेणीला मोर्स लागत नाही आणि संकेतनाम व्हीयू-३ ने सुरू होते. सर्वसाधारण श्रेणीला मोर्स लागते आणि व्हीयू-२ मिळते. परवाना नको असेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा अर्ध्या वॅटच्या हातसंचांसाठी २०१८ पासून मोकळा आहे, जवळच्या बोलण्यापुरताच. या दोन्हींच्या मध्ये जे संच ऑनलाइन बाजारात हजार-दोन हजारांत मिळत, ते कुठल्या वारंवारतेवर चालतात हे विकणारा सांगत नसे आणि घेणारा विचारत नसे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ई-व्यापार मंचांना याबाबत नोटिसा काढल्या. काहींनी त्याला जाच म्हटले. पण परवाना नसलेल्या माणसाने चुकून पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या वाहिनीवर बटण दाबून धरले तर काय होईल, याचा विचार करणाऱ्याला ते पटणे कठीण नाही.

बंगळुरूने या साखळीत स्वतःचा एक दुवा अवकाशातही ठेवला होता. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने सोडलेला ४२.५ किलोचा हॅमसॅट इथेच तयार झाला. त्यावरच्या दोन प्रेषानुवर्तकांपैकी एक भारतीय होता. दुसरा विल्यम लायनार या डच विद्यार्थ्याने बनवला होता. हॅमसॅट एफएम रिपीटरसारखा एकाचेच ऐकत नसे. वारंवारतेचा एक अख्खा पट्टा उचलून तो दुसऱ्या पट्ट्यात टाकत असे, त्यामुळे अनेक जोड्या एकाच वेळी आपापल्या कोपऱ्यात बोलत. पोहोच आणि जागा यांच्या भांडणावर इतका नेटका तोडगा जमिनीवर क्वचितच दिसतो. जुलै २०१४ मध्ये त्याच्या बॅटरीने साथ सोडली.

आता गच्चीवर ती विद्यार्थिनी स्थानकाच्या फेरीची वाट पाहते. स्थानकावर एक रिपीटर आहे: १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ६७ हर्ट्झच्या सुरासह ऐकतो, ४३७.८०० वर बोलतो. त्याचे वर्तुळ चारही दिशांना सुमारे २,२०० किलोमीटर आणि फेरी डोक्यावरून गेली तर दहा मिनिटांची. स्थानक जवळ येताना ४३७.८०० सुमारे १० किलोहर्ट्झ वर सरकलेले ऐकू येते, दूर जाताना तितकेच खाली. डॉपलर पुस्तकातून उठून थेट अंगठ्याखालच्या बटणावर येतो. दहा मिनिटांत अर्धा उपखंड एकाच खिडकीतून बोलू पाहतो. ती बटण दाबते, एक सेकंद थांबते आणि फक्त संकेतनाम सांगते. मग बटण सोडून ऐकत राहते. नागपूरचा कोणीतरी तिचे संकेतनाम पूर्ण उच्चारून दाखवतो.