पाठीतलं पाणी

गेल्या शनिवारी रसायनीला चुलतभावाकडे गेलो होतो. त्याचा पाच वर्षांचा पोरगा मोहोपाड्याच्या गल्लीत सायकल दामटत होता. उजवा पाय अजून किंचित ओढतो, पण स्पीड जबरदस्त! बघता बघता मागच्या वर्षीची ती रात्र आठवली.

आधी पंधरा दिवस बारीक ताप, उलट्या, चिडचिड. मग एका सकाळी उजवा हात उचलेना. लहान पोराला स्ट्रोक? आम्हाला वाटायचं हा म्हाताऱ्यांचा आजार. मुंबईला नेलं. स्कॅनमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेला भाग दिसला. डॉक्टर म्हणाले, "कुठे झालंय ते कळलं, कशामुळे ते नाही. पाठीतलं पाणी तपासावं लागेल."

झालं! काकू अडून बसल्या. "पाठीत सुई घातली की पोर जन्माचं पांगळं होतं." भाऊ संमतीचा कागद घेऊन माझ्याकडे बघतोय, "दादा, तू सांग." कोडमधले बग शोधणारा मी, काय सांगणार?

शेवटी एका निवासी डॉक्टरने त्याच कागदामागे मणके काढून दाखवले. मज्जारज्जू वरच संपतो. सुई त्याच्या खाली घालतात, जिथे पाण्यात नुसते नसांचे धागे असतात. खरा धोका डोक्यातला दाब फार वाढलेला असेल तर, म्हणून आधी स्कॅन. क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरने ही पद्धत १८९१ मध्ये मांडली, म्हणजे प्रयोग वगैरे काही नाही.

स्ट्रोक झालेल्या प्रत्येक मुलाचं पाणी काढत नाहीत. कारण हृदयात किंवा रक्तातही असू शकतं. पण सोबत ताप असला की संसर्गाची शंका येते. आमच्या पोराच्या पाण्यात पेशी आणि प्रथिनं वाढलेली, साखर घटलेली. क्षयाचा मेंदूज्वर! त्यात मेंदूच्या तळाशी घट्ट स्राव साचतो, तिथल्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात, आणि स्ट्रोक येतो. जंतू सापडायची वाट न बघता क्षयाची औषधं आणि स्टेरॉइड त्याच रात्री सुरू झाली. नुसता स्ट्रोकचा इलाज केला असता तर मूळ दुखणं आत वाढतच राहिलं असतं.

वर्षभराचा कोर्स आता संपलाय.

सही करायला आम्ही सहा तास लावले होते. त्या सहा तासांत किती गेलं, कोण जाणे. तुमच्यावर अशी वेळ आली तर काय शोधताय आणि स्कॅन झालाय का, हे जरूर विचारा. पण लगेच विचारा.

असो. निघताना काकू शेजारणीला सांगत होत्या, "पाणी काढलं म्हणून वाचला हो."