मामूंची वही

अकोल्यात समुद्र नाही. तरीही लहानपणी आमच्या घरात समुद्रातल्या तेलाच्या गोष्टी निघत, कारण माझे मोठे मामू उरणला शिलाईचे दुकान चालवत.

1974 च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले. पुढे ते तेल आणि वायू नळांतून उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागले. भातशेती, मिठागरे आणि मासेमारीचा हा भाग बघता बघता तेलाचा झाला. दहाएक वर्षांनी कापसाच्या गावातला आमचा दर्जी तिथे पोचला. अमरावती एक्स्प्रेसने रात्रभर, मग भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा, असा त्यांचा रस्ता. दुकान म्हणजे दोन मशिनी आणि एक फळी. मामू कापत आणि शिवत, मुमानी घरी बसून काज-बटण करत.

दुकानाचा महिना चौदा दिवसांचा होता. कायम नोकरीवाले चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. माणूस वर गेला की त्याची बायको मुलांचे कपडे टाकून जाई, म्हणे, ते आले की देते. ईद अशा वेळी आली तर मामू त्या मुलांचे कपडे आधी शिवत. म्हणत, बाप नाही तर निदान कपडे तरी वेळेवर पाहिजेत.

ठेकेदाराच्या माणसांची गोष्ट वेगळी. ते बिहार, बंगाल, केरळ, कुठकुठून आलेले. बार्जवर गेले की महिनोन्महिने दिसत नसत. त्यांचीही उधारी वहीत असे. नाव, कंबर, उंची, बाकी. बस्स.

2021 साली रमजान ईद 14 मे ला होती. तिसऱ्या दिवशी, 17 मे ला, तौक्ते वादळात पी-305 हे बार्ज बुडाले. त्यावर 261 माणसे होती. नौदलाने बहुतेकांना वाचवले, पण सत्तरांहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा अमरावतीला होतो. फोन केला तर मामू वही उघडून बसलेले. लॉकडाऊनमुळे दुकान बंदच होते. त्या वेळी समुद्रात असलेली तीन नावे त्यांनी शोधून काढली होती. कोण कोणत्या बार्जवर, ते त्यांना माहीत नव्हते.

आठवड्याभरात दोघांशी बोलणे झाले. तिसऱ्याचा फोन बंदच राहिला. बाकी 1850 रुपये. कदाचित तो त्या बार्जवर नसेलही, गावी गेला असेल, नंबर बदलला असेल. पण विचारायचे कुणाला? मामूंना त्याची कंबर बत्तीस आहे हे ठाऊक होते, त्याचे गाव ठाऊक नव्हते.

आपल्याकडे जनाज्याच्या नमाजआधी घरचे लोक विचारतात, मय्यतवर कुणाचे कर्ज असेल तर सांगा, आम्ही फेडू, नाहीतर माफ करा. इथे जनाजा नव्हता आणि विचारणारे घरचेही नव्हते. मामूंनी पेन काढले आणि त्या नावापुढे उर्दूत 'माफ' लिहिले.

मी म्हटले, "मामू, तो जिवंत असला तर?"

घरात आमची बोली उर्दू, पण मामू मनापासून बोलायला लागले की वऱ्हाडीवर येतात. म्हणाले, "जित्ता असन तर येईन न् देईन, आपण नाही म्हणाचं नाही. पण नसन तर त्याच्या मानेवर आपलं ओझं कायले ठेवाचं?"

तो अजून आलेला नाही. लाखो रुपयांच्या तेलाची मोजदाद कुठे ना कुठे चोख होत असेल. या माणसाची नोंद मात्र मला एका दर्ज्याच्या वहीतच सापडली, आणि तीही अर्धीच.

दुकान आता मामेभाऊ बघतो. मागच्या वेळी गेलो तेव्हा वही चाळली. कंबर आणि उंचीच्या पुढे एक नवा रकाना आखलेला होता. त्यावर लिहिले होते: गाव आणि घरचा नंबर.