थंडीनंतरची पहिली किक

ब्रह्माघाट, काशी
माघ शुद्ध दशमी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

धुकं गेलं. कालपासून गच्चीवरून गंगेपलीकडची रेती स्वच्छ दिसायला लागली आहे. महाशिवरात्रीला तुम्ही दोघं येताय, म्हणून गेल्या रविवारी तुझी येझदी ओसरीवरून चौकात काढली. फोनवर सगळं सांगून झालं नसतं, शिवाय एक गोष्ट तुझ्याशी समोरासमोर बोलायला मला जड जातं. म्हणून हे पत्र.

कार्तिक पौर्णिमेला पंचगंगेवरचे दिवे बघून तू पुण्याला गेलास. जाताना दर वर्षीसारखं सांगितलंस, दर रविवारी गाडी पाच मिनिटं चालू करत जा. मी इतकी वर्षं ते इमानाने केलं. दादा, ते चुकीचं आहे. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापतच नाही. पेट्रोल जळताना जी वाफ होते, ती थंडगार सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळाली तर ते पाणी उडून जाईल, जागेवर घुरघुरून जात नाही. यंदा दोन्ही सायलेन्सर उतरवले तेव्हा आतून न जळलेल्या तेलाचा काळा लगदा आणि गंजाचे पापुद्रे निघाले. बाहेरून तुझा क्रोम लखलखतोय, म्हणून आपल्याला कधी कळलं नाही.

माझीही चूक सांगतो. पौषात एका रविवारी गाडी चालू होईना. मी किका मारत राहिलो, शेवटी दमून गोणपाट टाकलं आणि पेट्रोलचा कॉक उघडाच राहिला. त्यानंतर महिनाभर मी तिच्याकडे फिरकलो नाही. माकडांनी गोणपाट ओढून सीटचा मागचा कोपरा उसवलाय, तो शिवून घेतला. टायर बसलेले होते, हवा भरल्यावर टिकली. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशीसारखी पूड साचली होती, ती सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली, डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि रात्रभर चार्जिंगला लावली.

खरं दुखणं पेट्रोलचं होतं. कार्ब्युरेटरची वाटी सोडवली तर तळाशी काकवी. टू-टी तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, पेट्रोल उडून जातं आणि तेल तेवढं मागे राहतं. बोटाला लावलं तर तार धरत होतं. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीतलं उरलेलं पेट्रोल मी काचेच्या बरणीत काढलं आणि चौकात उन्हात धरलं. वर पिवळसर तेलकट, आणि खाली दोन बोटं गढूळ, वेगळा थर. बरणी हलवली की एक होई, ठेवली की पुन्हा वेगळा. टाकीच्या झाकणाचं रबर दगडासारखं कडक झालंय, पावसाळ्याचं पाणी तिथूनच गेलं असणार, वर हे धुक्याचे दिवस. अर्धी रिकामी टाकी आतून घाम धरते. तुझ्या मुलाने फोनवर सांगितल्याप्रमाणे नवं पेट्रोल टाकून नुसती किक मारली असती, तर हा सगळा गाळ सिलिंडरपर्यंत गेला असता.

मैदागिनजवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी आणलं. त्यांनी जेटमध्ये सुई घालू दिली नाही, भोक मोठं होतं म्हणाले. वायरमधली तांब्याची एकच तार काढली, तिने जेट उघडला आणि उजेडाकडे धरून मला दाखवला. टाचणीच्या टोकाएवढा उजेड. तो दिसेपर्यंत त्यांनी तीनदा धुतला. क्रँककेसमध्ये उतरलेलं पेट्रोल काढलं, गिअरबॉक्सचं तेल बदललं, पॉइंट पुसले. ब्रेकचे ड्रम उघडले तर मागच्या ड्रममध्ये गंजाची साय होती. ती पॉलिशपेपरने घासली, केबलींत तेल सोडलं. तिन्हीसांजेला पेट्रोल लांब नेऊन ठेवलं, प्लग हेडला टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी चटकन दिसली तेव्हा मला तुझी फार आठवण झाली.

चालू मात्र चौकात केली नाही. सकाळी गल्लीतून ढकलत विश्वेश्वरगंजला नेली. गिअरचाच दांडा आत दाबून वर उलटवायचा, माझ्या पायाला अजून तुझ्यासारखी सवय नाही. सातव्या किकेला लागली. पांढरा धूर एवढा की चहावाला उठून उभा राहिला. पाच-सहा मिनिटांत विरळ झाला. मग हळूहळू राजघाट आणि मालवीय पूल. १८८७ सालचा पूल, खालून आगगाडी गेली की थरकाप थेट हँडलमध्ये येतो. पुलापलीकडे मोकळ्या रस्त्यावर ब्रेक चारदा दाबून पाहिले. पुढचा अजून थोडा उशिरा धरतो.

म्हणून विनंती आहे. आल्या दिवशी गाडी काढू नकोस. शिवरात्रीला, म्हणजे इथल्या पंचांगाने फाल्गुन आणि आपल्या पंचांगाने अजून माघच, गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं सारनाथला जाऊ, दहा किलोमीटर तिला मनासारखे मिळतील. तीन महिने गाडी उभी होती, तसे तुझे हातही हँडलपासून लांब होते, आणि दम्याच्या औषधांनी तुला मधूनच गरगरतं हे वहिनींनी मला सांगितलंय. मी मागे बसेन.

आणि पुढच्या कार्तिकात निघण्याआधी टाकी आणि वाटी दोन्ही रिकामी करू, टाकीत तेल फिरवू, प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून किक फिरवून ठेवू, कॉक मी स्वतः बंद करेन. रविवारची पाच मिनिटं बंद. यावर तू हो म्हण.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला, इथे काही मिळत नाही. नाना पेठेत फेरी मार आणि झाकणाचं रबर दोन, पॉइंटचा एक सेट, पुढच्या ब्रेकची केबल एक एवढं आण. जुनं रबर पाकिटात घालून सोबत पाठवतोय, मापाला धर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
बाळू