अक्रोडाची पेटी

काश्मीरला जाऊन आलं की घरात एखादी तरी अक्रोडाच्या लाकडाची वस्तू येतेच. २०१४ साली लग्नानंतर आम्ही श्रीनगरला गेलो, तेव्हा मीही सासूबाईंच्या पोथीसाठी कोरीव झाकणाची पेटी घेतली. काळीभोर, दिसायला अगदी झोकदार! पण पुण्यातला पहिलाच उन्हाळा तिला सोसला नाही. झाकण वाकलं, कोपऱ्याला चीर गेली. आई एका शब्दानं बोलल्या नाहीत. वर खणाचा रुमाल घालून पोथी त्यातच ठेवत राहिल्या. मला मात्र तो रुमाल रोज टोचायचा.

२०२३ च्या मे महिन्यात पुन्हा श्रीनगरचा योग आला, तेव्हा ती पेटीच बरोबर घेतली. हे हसले, पण मी ऐकलं नाही.

झेलमच्या काठी, जुन्या शहरात फतेह कदल हा भाग आहे. कदल म्हणजे पूल. तिथल्या एका माडीवर वयस्कर नक्काश खिडकीपाशी बसून काम करत होते. एका हातात पटाशी, दुसऱ्यात लाकडी हातोडा. फळीतून चिनारचं पान हळूहळू वर येत होतं. त्यांनी झाकण उलटं केलं. आतून पांढरट! "बहेनजी, लकडी कच्ची थी. ऊपर से रंग दिया है," ते म्हणाले.

मग त्यांनी मागच्या बाजूला रचलेल्या फळ्या दाखवल्या. सावलीत, मध्ये फटी ठेवून त्या काही वर्षं वाळवतात. मला आपली कुरडई आठवली. वरून वाळली आणि आत ओल राहिली की डब्यात बुरसते. लाकडाचंही तसंच, घाई केली की ते नंतर आकसतं, वाकतं, तडकतं.

अक्रोडाचं लाकूड फार टणक नाही आणि फार मऊही नाही. शिवाय पोत दाट आणि एकसारखा. म्हणून बारीक जाळी कोरली तरी कड सहसा तुटत नाही. मुळाकडचं लाकूड गडद आणि सर्वांत महाग, खोडाचं तपकिरी, फांद्यांचं फिकट. पण झाड फळाचं, वाढायला बरीच वर्षं लागतात. १९६९ साली कायदा करून त्याच्या तोडीवर निर्बंध घातले गेले. एवढं मोलाचं लाकूड कच्चंच वापरायचं म्हणजे झाडही वाया आणि कारागिरीही!

चाचांनी नवं झाकण करायचं कबूल केलं. पहलगाम करून चार दिवसांनी परतलो, तर तयार! खोडाचं लाकूड, रंग न देता नुसतं मेण घासलेलं, मध्ये एकच कमळ.

तुम्ही घ्याल तेव्हा वस्तू उलटी करून बघा. वर काळी आणि खाली पांढरट असेल तर सावध व्हा. झाकण, खण दोन-चारदा उघडमीट करा. लाकूड किती वाळवलंय ते निःसंकोच विचारा. घरी आणल्यावर ओलं फडकं लावू नका, उन्हात ठेवू नका. नक्षीतली धूळ मऊ ब्रशनं काढा आणि अधूनमधून मेणाचं पॉलिश द्या.

आमच्या पेटीचं अंग काळं, झाकण तपकिरी. जोडी काही जुळत नाही. आईंनी झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मग रुमालाची घडी करून माझ्या हातात दिली. "हा आता तुझ्या कपाटात ठेव गं," म्हणाल्या.