एकाचे दोन दिसू लागले तेव्हा

नेरुळच्या तलावाकाठी सकाळच्या फेरीत एक बगळा दिसला आणि त्याच्या शेजारी हुबेहूब दुसरा. मी सौ.ना म्हणालो, "जोडी पाहा." त्या म्हणाल्या, "अहो, एकच तर आहे!"

चष्म्याचा नंबर बदलला असेल, असे समजून मी नव्या काचा करून घेतल्या आणि त्यात बारा दिवस दवडले. वाचकहो, त्याची आज लाज वाटते, कारण कसोटी माझ्या तळहातात होती. कोणताही एक डोळा झाकला की दुसरा बगळा नाहीसा होई. झाकूनही दोन दिसत राहिले असते, तर दोष बहुधा त्या एका डोळ्यातला, जसा मोतीबिंदू. झाकल्यावर एकच दिसत असेल, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बिघडलेला असतो.

प्रत्येक डोळा सहा स्नायू हलवतात आणि त्यांना मेंदूकडून आज्ञा पोहोचवतात तीन नसा : तिसरी, चौथी व सहावी. सहावी नस डोळा कानाच्या दिशेने वळवते. माझी डावीकडची सहावी नस लुळी पडली होती. एमआरआय निर्दोष निघाला. चौदा वर्षांच्या मधुमेहाने व रक्तदाबाने नसेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडवल्या, असे निदान झाले. असा लकवा बहुधा तीन महिन्यांत ओसरतो. मला दहा आठवडे लागले. तोवर एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली, गाडी चालवणे बंद केले. तरी पट्टीविना नेरुळ स्थानकाचा जिना उतरताना खरा कठडा कोणता, हे कळत नसे.

मात्र माझ्या नशिबावर विसंबू नका. पापणी खाली आली, बाहुली मोठी झाली आणि डोके प्रचंड दुखू लागले, तर मेंदूतील फुगलेली धमनी तिसऱ्या नसेवर दाब देत असू शकते. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर कानशिले दुखणे, चावताना जबडा दुखणे हे धमन्यांच्या दाहाचे लक्षण असू शकते आणि त्यात दृष्टीच जाते. २०२१ मध्ये करोनातून उठलेल्या कित्येक मधुमेहींना म्युकरमायकोसिस झाला. नाकाजवळच्या पोकळ्यांतून ही बुरशी डोळ्याच्या खोबणीत शिरली की डोळा हलेनासा होई. गाल बधिर, नाक चोंदलेले आणि दोन दिसते, असे मधुमेही म्हणाला तर उद्याची वाट पाहू नये.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनो, आम्ही म्हातारे "दोन दिसते" असे सहसा सांगत नाही. "गरगरते" म्हणतो, टीव्हीपुढे एक डोळा मिटून बसतो, चहा कपाबाहेर ओततो. सौ.नी मला नंतर सांगितले, की त्या बारा दिवसांत मी चेहरा डावीकडे वळवूनच बोलत असे. त्यांना वाटले, मला आता ऐकू कमी येऊ लागले.